धानाच्या बांधीत सराव, मालवणच्या पाण्यात गेदर

साकोलीच्या पुढे आमचं गाव. इथे मी मोटारपंप रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. धान कापणीला आलं की कास्तकारांच्या मोटारी बंद असतात आणि दुकानात माशाही फिरकत नाहीत. तेव्हा मी गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस धरतो, पार कोल्हापूरला उतरतो आणि तिथून एसटीने घाट उतरून मालवण गाठतो. कशाला, तर होडीवरून फ्लाय रॉडने गेदर आणि सुरमई धरायला. फ्लाय म्हणजे गळावर केस नि दोरा बांधून केलेली खोटी मासोळी, आणि ती फेकायची लवचीक काठी म्हणजे फ्लाय रॉड. चार तुकड्यांचा रॉड नळीत घालून नेतो. डब्यातले लोक तिला पडद्याचा पाइप समजतात, मीही त्यांना समजू देतो. आता गावातली काही पोरं म्हणतात, भाऊ, आम्हालाही शिकवा. त्यांच्यासाठी हे.

एक गोष्ट आधीच सांगतो. पळता मासा समुद्रावर जाऊन शिकायचा नसतो. तिथे होडीचं भाडं चढत असतं, मासा वर दिसतो जेमतेम चार-सहा सेकंद, आणि तेवढ्यात आपण पायाखालची लाइन सोडवत बसलेलो असतो. शिकायचं ते इथेच, धानाच्या कोरड्या बांधीत आणि मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर.

आधी मासा समजून घ्या

आपल्या तलावातला मरळ दबा धरून बसतो. गेदर बसतच नाही. हा छोट्या जातीचा ट्यूना, दोन-चार किलोचा सहज भेटतो. रोहू किंवा मरळ जागच्या जागी कल्ल्यांची उघडझाप करून पाणी आत घेतात, ट्यूनाला ते जमत नाही. तोंड थोडं उघडं ठेवून पुढे पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांवरून पाणी वाहतं. थांबला की गुदमरला. म्हणून तो कुठे टेकेल आणि मग आपण फेकू, ही आशा सोडा.

त्याची शिकार ठरलेल्या पद्धतीची असते. तारलीसारख्या बारीक मासोळ्यांचा थवा खालून दाबत दाबत वर आणायचा. वर पाणी संपलं की तारलीला पळायला जागा उरत नाही, मग पाणी उकळल्यासारखं फुटतं. काही सेकंद हा गोंधळ चालतो, मग सगळं शांत, आणि थोड्या वेळाने शंभर मीटरवर परत तेच. हा पुढचा फुटवा कुठे येणार याचा अंदाज बांधणं, हेच खरं काम. ज्याला अंदाज येतो तो मासा धरतो. ज्याला येत नाही तो दिवसभर डिझेल जाळतो.

अंदाजासाठी वर बघा. सुरय पक्षी आपल्या तलावांवरही असतात, तेव्हा ओळख इथेच करून घ्या. सुरय उंचावर, मान खाली घालून एकाच दिशेने सरकत असतील तर मासे खोल आहेत आणि त्या दिशेने चालले आहेत. ते खाली उतरून पाण्याला चोची मारू लागले की मासोळी वर आली. चारी दिशांना विखरून भटकत असतील तर त्यांनाही काही सापडलेलं नाही. त्यांच्या मागे जाऊ नका.

बांधीतला सराव

कापणी होऊन भारे उचलले की बांधी मोकळी होते. धसकटांत लाइन अडकते आणि तिचं आवरण सोलून निघतं, म्हणून चांगली लाइन तिथे न्यायची नाही. जुनी, टाकाऊ लाइन वापरा. टोकाला गळ नको, लाल लोकरीचा गोंडा बांधा.

फ्लायला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं, फेकायचं ते लाइनचं वजन. नऊ नंबरच्या लाइनचा पहिला 9 मीटरचा भाग साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणून तेवढा भाग रॉडच्या टोकाबाहेर हवेत असल्याशिवाय रॉड वाकत नाही आणि लाइन जात नाही. तळ्याकाठी निवांत उभे असाल तर दहा वेळा पुढे-मागे झुलवून लांबी वाढवता येते. पळत्या माशाला तेवढा वेळ नाही.

म्हणून तयारीत उभं राहायची एक पद्धत आहे, ती हाताला लागली पाहिजे. हवी तेवढी लाइन, पंधरा-अठरा मीटर, रिळातून आधीच ओढून घ्यायची. ती एकदा पूर्ण फेकायची आणि परत ओढून टोपल्यात सोडायची. हे केलं की सर्वात शेवटी जायचा भाग टोपल्याच्या तळाशी राहतो आणि आधी जायचा भाग वर. नुसती रिळातून ओढून टोपल्यात टाकलीत तर बरोबर उलटं होतं आणि पहिल्याच फेकीला गाठ बसते. आता रॉडच्या टोकाबाहेर पाच-सहा मीटर लाइन लोंबती ठेवायची. फ्लाय डाव्या हाताच्या चिमटीत, गळाच्या वाकाला धरलेली, टोक बोटांपासून दूर. मासा दिसला की रॉड पुढे मारून ती लाइन उडवायची, तिच्या ओढीने फ्लाय चिमटीतून सुटते. मग एकदा मागे, एकदा पुढे, आणि सोडून द्या. फार तर दोनदा पुढे-मागे, त्याहून जास्त नाही.

मागे आणि पुढे जाताना डाव्या हाताने लाइनला एकेक झटका द्यायचा, त्याला डबल हॉल म्हणतात. त्याने लाइनचा वेग वाढतो. वाऱ्यात याच्यावाचून भागत नाही. हे शब्दांनी शिकवता येत नाही. बांधीत उभं राहून आधी हात कोरडेच हलवा, रॉडशिवाय. धुऱ्यावरून जाणारे हसतील, हसू द्या.

फेक बसू लागली की सायकल काढा. माझा पुतण्या सायकलच्या मागे दोरीला तेलाच्या डब्याचं लाल झाकण बांधून बांधीच्या कडेकडेने पळवतो. मी मध्ये बंडीवर उभा. तो कधी कुठून येणार ते मला सांगायचं नाही, असं ठरलेलं. झाकणावर फेकलं तर ते निघून गेलेलं असतं. झाकणाच्या पुढे दोन-तीन मीटर गोंडा पडला पाहिजे, आणि ते तिथे पोचेस्तोवर मी ओढायला सुरुवात केलेली असली पाहिजे. बंडी हलते, त्यामुळे पायही तयार होतात. लांब फेकायच्या नादी लागू नका. पंधरा मीटरवर सांगितलेल्या जागी पडणारी फेक पंचवीस मीटरवर कुठेतरी पडणाऱ्या फेकीपेक्षा लय कामाची.

घड्याळाची सवयही इथेच लावा. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तिथे बारा वाजले, उजवा हात तीन, डावा नऊ. पुतण्या ओरडतो, "काका, दहावर!" की मान नाही, आधी पाय फिरले पाहिजेत.

तलावावर डोंगा

यानंतर पाणी. आमच्याकडचे मालगुजारी तलाव बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे लीजवर असतात. संस्थेला विचारल्याशिवाय उतरू नका, आणि गळ नसलेला गोंडाच टाका म्हणजे कुणाचा मासा धरल्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या तलावावरचे ढीवर काका डोंगा चालवतात. डोंगा अरुंद, उभं राहिलं की दोन्हीकडे झुकतो. त्यावर टोंगळे किंचित वाकवून, अनवाणी फेकता आलं तर मालवणची फायबरची होडी अंगणासारखी वाटेल.

अनवाणी म्हणतो त्याला कारण आहे. बुटाखाली लाइन आली तर कळत नाही, तळपायाखाली आली तर लगेच कळतं.

काकांकडून शिकायची दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. ते वल्हं पाण्यातून काढताना थेंबही वाजू देत नाहीत, आणि डोंग्याच्या काठाला तर कधीच टेकवत नाहीत. लाकडावर लाकूड आपटलं की उथळातल्या बारीक मासोळ्या कशा फुटतात ते तिथे डोळ्यांनी बघा. हवेतला आवाज पाण्यात फारसा जात नाही, होडीच्या अंगातून गेलेला मात्र लांबवर पोचतो. तुम्ही बोललात तर चालेल. डबा आपटलात तर नाही.

होडी कुठे उभी करायची

इथपर्यंत आलात की मालवण. दिवाळीनंतर थंडी संपेपर्यंतचे दिवस चांगले, सकाळी समुद्र शांत असतो. 1 जून ते 31 जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि पावसाळ्यात तसंही कुणी शहाणा माणूस या कामाला निघत नाही. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. कुठे गळ टाकायला मनाई आहे ते तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, आधी विचारा आणि त्याचं ऐका.

तांडेलाशी बोलणं किनाऱ्यावरच उरकायचं. त्याला जाळ्याची सवय, थव्याच्या डोक्यावर होडी नेली की जाळ्याचं काम होतं, आपलं बिघडतं. त्याला तीन गोष्टी सांगा. थव्यातून जायचं नाही. थव्याच्या मागून जायचं नाही. लांबून वळसा घालून त्यांच्या वाटेत पुढे जायचं आणि तिथे इंजिन गप्प करायचं.

वळसा घालताना इंजिनाची गती एकसारखी ठेवायला सांगा. मासे एकसुरी घरघर बऱ्यापैकी सहन करतात, पण गती एकदम वाढवली, कमी केली किंवा खटकन गियर बदलला की खाली जातात. म्हणून गती आधीच, लांबवर असताना हळूहळू उतरवायची. शेवटचं अंतर होडीने स्वतःच्या वेगात आणि वाऱ्यावर वाहत कापायचं. थवा बहुतेक वेळा वाऱ्याच्या तोंडाला खात खात येतो, तेव्हा वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबलात की दोन गोष्टी साधतात. वारा होडीला हळूहळू त्यांच्याकडे नेतो, आणि तुमची फेक वाऱ्याबरोबर जाते.

उजव्या हाताने फेकणाऱ्याने नाळेवर उभं राहून मासा डाव्या बाजूला घ्यायचा, नऊ ते बाराच्या मध्ये. तसं उभं राहिलं की रॉडचा हात होडीच्या बाहेर राहतो आणि गळ तांडेलाच्या डोक्यावरून जात नाही. हे जमवायचं गणित सोपं आहे. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे होते, ते इथे उपयोगी पडतात. पहाटे नि सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. मालवणला जमीन पूर्वेला. म्हणून सकाळी नाळ उत्तरेला, देवगडच्या दिशेला ठेवली की वारा उजव्या कुशीला लागतो आणि डावीकडे उघडा समुद्र मिळतो. दुपारकडे खारा वारा सुटला की सगळं उलटं, नाळ दक्षिणेला, वेंगुर्ल्याकडे. खारा वारा जोर धरू लागला की मी परतायला सांगतो. तेव्हा लाटा उठतात आणि लाइन कानाजवळून शीळ घालते. वारा रॉडच्या हाताकडूनच येत असेल तर हट्ट करू नका. माशाकडे पाठ फिरवा, उलट्या बाजूला फेकल्यासारखं करा आणि मागची फेकच माशावर सोडा.

होडी उभी राहिली की थांबायचं. हेच सर्वात अवघड. समोर शंभर मीटरवर पाणी फुटतं आणि जीव म्हणतो, चला तिकडे. मालवणचा आमचा तांडेल अशा वेळी विडी पेटवतो आणि एवढंच म्हणतो, "घाई करू नको, ते हयसरच येतले." दर वेळी येतात असं नाही. पण पाठलाग करून मिळालेल्या माशांपेक्षा असे थांबून मिळालेले मासे कितीतरी जास्त.

फेक, ओढ आणि झटका

फेकण्याआधी होडी आवरा. खुंट्या, नांगराची दोरी, बादलीची कडी, जे काही बाहेर आलेलं आहे त्यात लाइन अडकणारच. ओलं बारदान टाकून सगळं झाका. लाइन कपड्यांच्या प्लास्टिकच्या टोपल्यात, आणि फेकत नसतानाही मधून मधून पाणी शिंपडून ओली ठेवा. गॉगल आणि टोपीशिवाय फेकायचं नाही, लाइफ जॅकेट अंगात, आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला. कानात रुतलेला काट्याचा गळ काढायला दवाखाना गाठावा लागतो, सपाट केलेला तिथल्या तिथे निघतो.

फ्लाय थव्याच्या मधोमध नको. कडेला टाका, माशांच्या तोंडापुढे. आडव्या जाणाऱ्याच्या पुढे दोन-तीन मीटर. पाण्यात पडली की रॉडची मूठ काखेत धरा, टोक पाण्याला टेकलेलं, आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने लाइन ओढा. पाठोपाठ, खंड न पाडता. गेदरला जितक्या जोरात ओढाल तितकी कमीच. पण एक अपवाद आहे. तारलीचा थवा घट्ट गोळा होऊन मासे त्यात घुसत असतील आणि पळत्या फ्लायकडे कुणी बघत नसेल, तर ओढ थांबवून फ्लाय बुडू द्या. जखमी होऊन खाली जाणारी मासोळी त्यांना दिसते.

धक्का लागला की रॉड वर उचलायचा नाही. आपली सवय गळाची, बांबू वर झटकायची. इथे ती विसरा. रॉड तसाच सरळ ठेवून डाव्या हाताने लाइन जोरात मागे ओढायची. चुकलं तरी फ्लाय माशासमोरच राहते आणि तो परत झडप घालू शकतो.

लागला की पुढचे दोन सेकंद माशाकडे बघू नका, टोपल्याकडे बघा. सुटी लाइन उडत निघते आणि बटण, घड्याळ, बोट, काहीही धरते. अंगठा आणि तर्जनीची कडी करून तिला त्यातून जाऊ द्या, लाइन रिळाला ताठ होईपर्यंत. त्यानंतर काम रिळाच्या ड्रॅगचं, म्हणजे ब्रेकचं. लीडर म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा. ड्रॅग त्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर लावतात: 20 पौंडी लीडरला 5 पौंड, म्हणजे सव्वादोन किलो. माझ्या दुकानात तांब्याची तार मोजायला स्प्रिंगचा काटा असतो, त्यावरच लावून घेतो. अंदाजाने लावू नका. रिळावर फ्लाय लाइनमागे दीड-दोनशे मीटर बॅकिंग, म्हणजे राखीव बारीक दोरा, हवंच, गेदर पहिल्या धावेत त्यात शिरतो.

शेवटी तो होडीखाली गोल गोल फिरायला लागतो. तेव्हा रॉड उभा धरला तर टोकाशी मोडतो. रॉड खाली, आडवा ठेवा आणि मुठीच्या ताकदीने थोडं थोडं उचलून गुंडाळा. हाताशी आला की शेपटीच्या अगदी अलीकडची बारीक, कडक जागा मुठीत धरा. तिथून तो सुटत नाही.

सामान आणि फ्लाय

रॉड 9 फुटी, आठ ते दहा नंबरमधला. मी नऊ वापरतो. लाइन संथ बुडणारी आणि उष्ण हवामानासाठी बनवलेली घ्या. थंड देशातली लाइन आपल्या उन्हात शेवयांसारखी ढिली पडते. लीडरला फ्लुरोकार्बनचा दोरा. सुरमईचे दात लीडर कापतात, तिच्यासाठी फ्लायच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर बारीक तार लागते. पण ती तार दिसली की गेदर तोंड लावत नाही. म्हणून दोन लीडर तयार ठेवायचे आणि त्या सकाळी काय वर येतंय ते बघून बांधायचा.

फ्लाय मी स्वतः बांधतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी 1980च्या दशकात नदीतल्या माशांसाठी एक फ्लाय काढली, क्लाउझर मिनो. ती समुद्रावरही तितकीच चालली. म्हणून आपल्या नदी-तलावाच्या माणसाने पहिली तीच शिकावी. डोळ्यांसाठी मी बेसिनच्या बुचाची मण्यांची साखळी घेतो आणि दोन मणी जोडून कापतो. गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे दोरा ओवायच्या भोकामागे, थोडी जागा सोडून ते दोऱ्याने आठच्या आकड्यासारखे आवळायचे आणि अरल्डाइटचा एक ठिपका द्यायचा. मग मण्यांच्याच अंगाला पांढऱ्या बकरीच्या शेपटीचे केस, साबणाने धुऊन वाळवलेले, अगदी थोडे. गळ उलटा करायचा. दुसऱ्या अंगाला राखीच्या चमकीचे चार-पाच धागे आणि त्यावर हिरवट किंवा निळसर केस. मण्यांच्या वजनाने फ्लाय पाण्यात पालथी होते, गळाचं टोक वर राहतं आणि रंगीत बाजू माशाची पाठ दिसते.

सगळे नवखे केस जास्त लावतात. पाण्याच्या ग्लासात बुडवून उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे. लांबी पाच-सात सेंटिमीटर पुरे. गेदर बारीक मासोळीवर तुटून पडलेला असला की मोठ्या फ्लायला ढुंकून बघत नाही.

धरल्यानंतर

सोडायचा असेल तर वेळ काढू नका. फोटोसाठी हातात धरून ठेवलेला गेदर आत गुदमरत असतो. तोंड खाली करून भाल्यासारखा जोरात पाण्यात सोडा, त्या वेगानेच त्याच्या कल्ल्यांवरून पाणी जातं. हळूच पाण्यात ठेवलेला बऱ्याचदा तसाच तळाशी जातो.

खायचा असेल तर तिथेच कल्ले कापून रक्त काढा आणि लगेच बर्फात गाडा. ट्यूनाचे स्नायू पाण्यापेक्षा गरम असतात. तो उन्हात राहिला तर मांसात हिस्टामाइन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, आणि अंगावर लाल चट्टे उठतात. बर्फाचा डबा नसेल तर सोडून द्या.

परत आल्यावर रीळ आणि लाइन गोड्या पाण्यात रात्रभर. गावी आल्यावर लाइन मोठ्या घेऱ्यात गुंडाळून घरातल्या खुंटीला टांगा, दुकानाच्या टिनाखाली नको. मे महिन्यात टिनाखाली ठेवलेली लाइन स्वतःलाच चिकटते, आणि नवीन आणायला पैसे लागतात.